शिवलेली दोन पानं

५ जानेवारी २०१९, शनिवार

नवी वही, आणि पहिली चार पानं कोरी गेली. आताशा लिहिण्यासारखं घडतच नाही. आज घडलं.

लतिका आली होती. कॉलेजात पत्रकारितेचा वर्ग घेते. म्हणाली, सर, या सत्रात मुलं तुमच्या पुस्तकाचा अभ्यास करणार, तुम्ही शनिवारी येऊन बसाल का? मी विचारलं, कसला अभ्यास? तर म्हणे व्यक्तिचित्रण आणि भाषेचे डावपेच. डावपेच? मी काय कुस्ती खेळलो? पण हो म्हणून टाकलं. तेहेतीस वर्षांनी कुणी आपलं पुस्तक उघडतंय, तर नाही कशाला म्हणू.

एका हिंदी दैनिकात एकतीस वर्षं क्राईम रिपोर्टर होतो. त्या सगळ्या छापलेल्या कागदांची रद्दी झाली. उरलं ते हे एक पुस्तक, 'बत्तीस नंबर का क्वार्टर'. १९८३ साली इथल्या रांझी भागातल्या फॅक्टरी-क्वार्टरात लहानू नावाच्या फिटरचा खून झाला. आरोपी त्याचा धाकटा भाऊ अंबादास. भाऊ मेला तर त्याच्या जागी आपल्याला नोकरी लागेल म्हणून त्यानं मारलं, असं पोलिसांचं म्हणणं. चौदा महिने आत होता, मग पुराव्याअभावी सुटला. खरा खुनी आजवर सापडलेला नाही. मी पुस्तकात अंबादासला खुनी म्हटलेलं नाही. एकदाही नाही. वाचणारा आपला आपण समजतो, आणि त्यातच लेखकाचं कसब.

फेब्रुवारीअखेर तिसरी आवृत्ती निघणार आहे, आणि पुढच्या वर्षीपासून ते कॉलेजात लागणार. सुमनला सांगितलं. ती मटार सोलत होती. "बरं झालं, घरातून तरी निघाल शनिवारी," म्हणाली. ही आमची दाद.

१२ जानेवारी, शनिवार

डोकं उठलं आहे.

अठरा पोरं-पोरी. माझं पुस्तक प्रत्येकाकडे, पण काय दशा केली आहे त्याची! रंगीत पेन्सिली. साक्षीदारानं पाहिलं ते हिरवं, पोलिसांनी सांगितलं ते निळं आणि लेखकानं स्वतःच्या मनानं घातलं ते लाल. विष्णू नावाचा एक चष्मेवाला आहे, त्यानं आपली प्रत उघडून दाखवली. होळी खेळल्यासारखी पानं, आणि त्यात लालच लाल. म्हणाला, "सर, बहुत एन्जॉय किया." अरे, खुनाचं पुस्तक आहे ते!

मग अंबादासवर चर्चा. दोनशे बारा पानांत अंबादास फक्त तीन वाक्यं बोलतो, असं त्यांनी मोजून काढलं आहे. इन्स्पेक्टर बोलतो, शेजारी बोलतात, पानवालासुद्धा दीड पान बोलतो. आणि 'चुपचाप' हा शब्द अंबादासच्या मागे एकतीस वेळा लागला आहे. मी म्हटलं, माणूसच चुपचाप होता, त्याला मी काय करू?

मागच्या बाकावरून एका मुलीनं हात वर केला. सुनेत्रा. तेल लावून घट्ट वेणी, चेहऱ्यावर हसू नाही. विचारते, "सर, तुम्ही भेटला होता त्यांना?" चक्क मराठीत. बरं वाटलं. म्हटलं, हो, दोनदा भेटलो.

"मग तेव्हा काय बोलले ते?"

आता छत्तीस वर्षांपूर्वीचं काय आठवणार? तसं सांगितलं. तिनं वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं कोण जाणे. मला लोकांनी आपल्याबद्दल वहीत लिहिलेलं आवडत नाही. जन्मभर मीच ते काम केलं.

१५ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. नदीवर ग्वारीघाटला स्नानाला जायचं सुमनच्या मनात होतं, पण एवढ्या गर्दीत तिचे गुडघे आणि माझा दमा, दोन्ही नको म्हणाले. घरीच तिळगूळ खाऊन गोड बोललो. दुपारपर्यंत टिकलं.

चंद्रशेखरचा फोन. त्याच्या वडिलांनी पुस्तक पहिल्यांदा छापलं, आता गादीवर हा. मागच्या कव्हरवर ती ओळ मोठ्या अक्षरांत टाकतो म्हणाला. टाक की! त्या ओळीवर तर पुस्तक चाललं. लहानूच्या अंत्यसंस्काराला मी ग्वारीघाटावर होतो. फॅक्टरीतल्या लोकांनीच सगळी व्यवस्था केली होती, न्हावीसुद्धा बोलावून ठेवला होता. अग्नी देणारा भाऊ, म्हणजे मुंडण आलंच. अंबादासनं न्हाव्याला हात जोडून नाही म्हटलं आणि बाजूला जाऊन उभा राहिला. तिथंच पायरीवर बसल्या बसल्या मला ओळ सुचली: "न आँख से आँसू गिरा, न सिर से बाल।"

त्या वर्षी पानठेल्यांवर लोक ही ओळ म्हणत. एका वकिलानं तर दुसऱ्याच कुठल्या खटल्यात म्हटली होती. माझं नाव विसरतील, ओळ नाही विसरणार.

१९ जानेवारी, शनिवार

आज त्या ओळीवर तास होता. सुरुवात झकास झाली. विष्णूनं फळ्यावर ओळ लिहून तिचे दोन तुकडे केले, तोल कसा साधला ते दाखवलं. आँख आणि सिर, आँसू आणि बाल. एका वाक्यात माणूस उभा केला आहे म्हणाला. मी आपला टाय सारखा करून घेतला. लतिकासुद्धा मान डोलवत होती.

मग मागचा हात वर झाला.

"सर, अंबादास बौद्ध होते ना?"

म्हटलं, असेल. विदर्भातून आलेले बरेच होते फॅक्टरीत.

"हमारे यहाँ मुंडन होता ही नहीं." मग माझ्याकडे बघून मराठीत, "कोणीच नाही करत, सर. माझे बाबा वारले तेव्हा माझ्या भावानंही नाही केलं. पांढरे कपडे घातले, वंदना म्हटली. बस्स. केस नाही काढले म्हणून कोणी त्याला दगड नाही म्हटलं."

मी म्हटलं, बेटा, घाटावर लोकांनी जे पाहिलं ते मी लिहिलं. न्हावी होता, वस्तरा होता, केस होते. त्यात खोटं काय आहे?

"मग पुढच्या ओळीत लिहायचं ना, की त्यांच्यात करत नाहीत. एक ओळ तर लागली असती."

एक ओळ! या पोरांना वाटतं पुस्तक म्हणजे फॉर्म भरायचा आहे, धर्म, जात, पत्ता. विष्णूनं तर लगेच पेन्सिल काढली आणि माझ्या देखत ती अख्खी ओळ लाल केली. मघाशी ह्यानंच तिचं कौतुक केलं होतं.

२० जानेवारी, रविवार

काल रात्री जेवण गोड लागलं नाही. सुमनला सगळं सांगितलं. वाटलं, ही तरी माझ्या बाजूनं बोलेल. ती मटाराच्या शेंगा माझ्याकडे सरकवत म्हणाली, "अहो, पण तुम्हाला माहीत नव्हतं का? नागपूरचे ना तुम्ही?"

नागपूरचा आहे म्हणून काय झालं? छप्पन साली मी दहा वर्षांचा होतो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आमच्या ओट्यासमोरून दीक्षेला चालली होती, दिवसभर, बाया, पोरं, म्हातारे, संपतच नव्हती. आईनं आम्हाला आत बोलावलं तरी मी खिडकीतून बघत होतो. शेजारच्या अण्णांनी सांगितलं होतं, आता हे लोक आपले देव, आपलं श्राद्ध-पक्ष, सगळं सोडणार. पण ते लहानपणचं. लहानपणचं कुठं लक्षात राहतं?

मटार पावशेर सोलले. निम्म्या शेंगा किडक्या होत्या.

२ फेब्रुवारी, शनिवार

मागच्या शनिवारी सव्वीस जानेवारीची सुटी होती. पंधरा दिवसांत शांत झालो होतो. आज ती शांती गेली.

तास संपल्यावर सुनेत्रा टेबलाशी आली. हातात खाकी कव्हर घातलेलं पुस्तक. माझंच, पहिली आवृत्ती. माझ्याकडेही ती आता नाही. मी खुश होऊन उघडायला गेलो तर मधली पानं उघडेनात. अठ्ठ्याऐंशी आणि एकोणनव्वद, समोरासमोरची दोन पानं, तिन्ही कडांनी काळ्या दोऱ्यानं शिवलेली. बारीक, सरळ टाका. ती ओळ एकोणनव्वदवर आहे.

"हे कोणी केलं?"

"माझ्या आजीनं. शेवंता तिचं नाव. अंबादास माझे आजोबा, सर."

मी खुर्चीत बसलो. नंतर मला राग आला, खरंच सांगतो, फार राग आला. म्हटलं, पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? महिनाभर मला तोंडघशी पाडून राहिलीस!

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं. घरची पोरगी आहे, असंच बोलणार, म्हटलं असतं."

म्हटलंच असतं. पण तिला हे कबूल कशाला करू?

मग ती बोलत गेली. खून झाला तेव्हा आजी भंडाऱ्याकडे गावी होती. आजोबा नोकरी शोधायला भावाकडे आले होते. सुटल्यावर ते सिहोऱ्याला गेले, शिलाई मशीन घेतली, बायको-मुलाला बोलावून घेतलं. दोन वर्षं बरी गेली. मग माझं पुस्तक सिहोऱ्याच्या बसस्टँडवर विकायला आलं. गिऱ्हाईकं दुकानासमोर थांबून ती ओळ म्हणायची. शाळेत मुलं तिच्या बाबांना म्हणायची. आजोबांनी स्वतः जाऊन एक प्रत विकत आणली, पूर्ण वाचली. आजी चुलीत घालत होती तर तिच्या हातातून घेतली. पुस्तक जाळायचं नाही म्हणाले, कसंही असलं तरी पुस्तक आहे. म्हणून आजीनं ती दोन पानं शिवून टाकली, पोरानं वाचू नयेत म्हणून.

अंबादास २००४ मध्ये वारले. आता ही सगळी इथंच शहरात, गोरखपूर मोहल्ल्यात राहतात.

"आजी म्हणते, मी जिवंत आहे तोवर ती ओळ पुन्हा छापू नका. एवढंच सांगायला मी या वर्गात नाव घातलं, सर."

मी म्हटलं, बघतो.

४ फेब्रुवारी, सोमवार

चंद्रशेखरला फोन केला, ती ओळ काढता येईल का? तो हसायलाच लागला. "काका, ओळ काढली तर मग राहिलं काय? कव्हर तयार झालं." मी म्हटलं, बौद्धांत मुंडण नसतं म्हणे. तो म्हणाला, "तुम्हाला कुठं माहीत होतं! अनवधानानं झालं. फार तर प्रस्तावनेत एक वाक्य टाका, लेखकास कल्पना नव्हती म्हणून. मोठेपणा दिसेल."

मला ते पटलं. खरंच, मला कुणी सांगितलंच नव्हतं, तर माझा दोष काय? आणि हे मी सिद्ध करू शकतो. त्या काळच्या माझ्या सगळ्या वह्या माळ्यावरच्या पेटीत आहेत. ऑफिसातले हिंदीवाले सहकारी बातमी पळवायचे म्हणून मी टिपणं नेहमी मराठीत काढायचो. ग्वारीघाटाची वही काढतो आणि ठेवतो त्या पोरीसमोर. बघ म्हणतो, आहे का कुठं काही?

सुमन म्हणते माळ्यावर चढू नका. चढणार.

६ फेब्रुवारी, बुधवार

वही सापडली. जसंच्या तसं उतरवतो.

"ग्वारीघाट. सकाळी ९. फॅक्टरीचे ४०–५० लोक. न्हावी बसलेला. अंबादास नको म्हणतो. विचारलं काहून. म्हणाला, भाऊ, आमच्यात हे नसते. छप्पनपासून सोडलं. दादाले आवडलं नसतं. आवाज बसलेला. डोळे सुजून बंद झाल्यासारखे. शेजारीण भागीरथा सांगते, रात्रभर रडला, सकाळी पाणी मारून उठवला."

खाली ती ओळ, पहिल्यांदा लिहिलेली. दोन शब्द खोडून पुन्हा.

आणि समासात पेन्सिलनं, माझ्याच अक्षरात: "भागीरथा व मुंडणाचा खुलासा वापरू नये. ओळ बिघडते."

माझंच अक्षर आहे. 'भ' मी असाच काढतो.

७ फेब्रुवारी, गुरुवार

आठवत नाही, असं मी पहिल्या दिवशी त्या पोरीला सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. पण हे काय समाधान झालं? लाज वाटते आहे. त्र्याहत्तराव्या वर्षी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या वहीची.

सुमनला दाखवलं. चष्मा लावून तिनं दोनदा वाचलं, वही मिटून माझ्या हातात दिली आणि चहा ठेवायला गेली.

९ फेब्रुवारी, शनिवार

वर्गात वही वाचून दाखवली. हिंदीत सांगत गेलो, समासातलं धरून.

मग विष्णूनं हात वर केला. मला वाटलं काही बरं बोलेल. तर म्हणतो, "सर, ये जो आप कन्फेस कर रहे हैं, इससे भी रीडर का भरोसा बढ़ता है. ये भी तो एक टेक्नीक हुई ना? इसमें कौन सा रंग करें?"

देवा! याला कुठं घेऊन जाऊ? माणूस आपलं काळीज काढून टेबलावर ठेवतो आणि हा पेन्सिल कुठली घेऊ विचारतो. लतिकानं त्याला दटावलं. पण घरी येताना रिक्षात विचार केला, वाचताना मी मधे एकदा थांबलो होतो. आवंढा गिळायला थांबलो, की त्यांच्यावर परिणाम व्हावा म्हणून? मलाच सांगता येईना. कार्ट्यानं जगणं कठीण करून ठेवलं आहे.

सुनेत्रा जाताना म्हणाली, "हे आजीला वाचून दाखवाल? मी नाही सांगणार. तुम्हीच या."

११ फेब्रुवारी, सोमवार

गोरखपूरला जाऊन आलो.

दोन खोल्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, कोपऱ्यात अंबादासची मशीन, अजून चालू. शेवंताबाई पलंगावर बसून ब्लाऊजला हुक लावत होत्या. सत्तरीच्या आतबाहेर असतील, सुई ओवायला चष्मा लागत नाही. "या बसा," म्हणाल्या, अगदी साधं. सुनेत्रानं चहा आणला.

मी माफीचं सगळं घरून जुळवून नेलं होतं. तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "ते राहू द्या. पोरगी म्हणत होती तुमची वही हाये. ते वाचा."

वाचलं. भागीरथापाशी आलो तेव्हा त्यांचा हात थांबला. "पुन्हा वाचा." रात्रभर रडला, सकाळी पाणी मारून उठवला. "पुन्हा." तिसऱ्यांदाही वाचलं. त्या म्हणाल्या, "मले कदी सांगतलं नाई त्यायनं. मी म्हणे, तुमी रडले नाई का दादासाठी? तर चूप राहात."

म्हणजे त्यांनीसुद्धा. माझी ओळ वाचून त्यांनीसुद्धा नवऱ्याला विचारलं होतं.

मग मी समासातलं वाचलं. वाचलं नसतं तर चाललं असतं, त्यांना काय कळणार होतं? पण वाचलं.

"म्हंजे तुमाले मालूम होतं."

हो म्हटलं.

"मी इतके वर्षं समजत होती, तुमाले मालूम नोतं. बामनाचा मानूस, आपल्या रीती त्याले काय मालूम, असं म्हनून मी तुमाले कवाच माफ करून टाकलं होतं. पोराले बी तसंच सांगतलं." त्यांनी हुक खाली ठेवला. "आता काय करू मी?"

चहावर साय आली होती. मी विचारलं, पुस्तकच बंद करू का? छापायचं नाही म्हणून सांगतो.

"काहून? बंद नका करू. छापा. एकोणनव्वदवर हे पान छापा, जसं हाये तसं. अन् ते पेन्सिलचं बी."

पेन्सिलचं बी. मी म्हटलं, बाई, ते छापलं तर माझं नाव राहणार नाही गावात.

"आमचं राह्यलं होतं का?" त्या म्हणाल्या आणि परत हुक लावायला घेतला.

१३ फेब्रुवारी, बुधवार

चंद्रशेखर घरी आला. तासभर ओरडला. "काका, पेन्सिलचं कोण छापतं? उद्या लोक म्हणतील बाकी पुस्तकात काय काय दाबलं असेल." मी म्हटलं, म्हणू दे. मीही तोच विचार करून राहिलो आहे. पेटीत अजून अकरा वह्या आहेत.

सुमन मधेच आली आणि त्याच्यापुढे मटार-पोह्यांची बशी ठेवून म्हणाली, "छापत असशील तर खा." त्यानं पाच मिनिटं बशीकडे बघितलं, मग खाल्लं. कव्हरवरची ओळ निघाली. मागची बाजू कोरी जाईल.

१६ फेब्रुवारी, शनिवार

त्या पानाखाली चार शब्द माझे हवेत म्हणून सकाळपासून बसलो होतो. पहिलं वाक्य मोठं सुरेख जमलं होतं, दोन्हीकडे तोल असलेलं, शेवटी ठोका. वाचून पाहिलं, मलाच टाळी द्यावीशी वाटली. खोडलं. मग लिहिलं, ही टिपणं माझी आहेत, मी ती तेव्हा मुद्दाम गाळली. त्यापुढे काही सुचलं नाही, आणि सुचायलाही नको.

वर्गात कागद दाखवला. विष्णू पेन्सिली घेऊन बसला होता, त्यानं वाचलं आणि पेन्सिली डब्यात टाकल्या. नशीब माझं.

सुनेत्राला विचारलं, आजींना दाखवशील ना? आता तरी त्या पुस्तकातला दोरा काढतील? म्हणाली, विचारून सांगते. संध्याकाळी फोन आला.

"आजी म्हणते, कागदावर लिहिलेलं मागंही होतं त्यांच्याकडे. छापून येऊ द्या. पुस्तक हातात आलं की मग दोरा काढीन."

मी चिडलो. इतकं केलं तरी बाईचा विश्वास नाही! सुमनला म्हटलं, बघ, माझ्या शब्दावर भरवसा नाही तिला.

सुमन म्हणाली, "कसा असेल?"

प्रेसवाला म्हणतो, अठ्ठावीस तारखेला पहिल्या प्रती हातात येतील. एक मी स्वतः गोरखपूरला नेऊन देणार आहे.